हिवराळे उर्फ हिवराले

पद : हवालदार, लिपिक.
बाबा विचारतात, हवालदार का लिपिक?
मी म्हणते, दोन्ही.
ते चष्मा कपाळावर चढवतात,
"म्हणजे बंदूक बी अन् टाचणी बी?"

बाबा गावचे कोतवाल.
दुसऱ्यानं लिहिलेला कागद तीस वर्षं
दारोदार पोचवला त्यांनी,
तलाठ्याचं दप्तर सायकलच्या कॅरियरला बांधून
पळसखेड ते मेहकर, मेहकर ते पळसखेड.
"आपुन कागद वाहनारे, लेकी.
तू लिहिनारी हो. खातं कोन्तंबी असो."

सेंटरवर बबलू गवई फॉर्म भरतो.
फोटो इतक्या केबीच्या वर, इतक्याच्या आत.
सहीचंही तसंच.
मी तीनदा सही केली, दर वेळी अजून लहान.
ओळखीची खूण : उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग.
जवळचं रेल्वे स्टेशन : लाल चांदणी, सोडता येत नाही.
आमच्या तालुक्यातून रूळच गेला नाही.
अकोला टाकू, बबलू म्हणाला.
मग त्यानं हिंदीत आडनाव टाकलं : हिवराले.
"ळ नाही चालत तिकडं."
अन् पावतीचे दहा रुपये जास्त घेतले,
रंगीत म्हणून.

लाइट गेली की मी पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवते.
आई डाळ निवडता निवडता शेजारणीला सांगते,
पोरगी मुका तबला शिकते बाई.

क्लासात तायडे सर स्टॉपवॉच धरतात.
उतारा हिंदी, विषय शिस्त.
माझी बोटं आपोआप ळ कडे जातात.
बल लिहायचं तर बळ होतं.
सर लाल गोल करतात : एक चूक.
फल चं फळ. दोन.
मंगलवार चा मंगळवार. तीन.
"तुझ्या बोटात मराठी आहे," सर म्हणतात,
"परीक्षेपुरती काढून ठेव."
जशी काही अंगठीच.

बसून टाइप करायला
एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते.
मी सकाळी असते तेवढी.
संध्याकाळपर्यंत अर्धा सेंटिमीटर
कुठं जातो, माहीत नाही.
नागपुरात माझा नंबर दुपारचा निघाला.
मी मैदानाच्या कडेला ओढणी अंथरली
आणि सरळ आडवी झाले, टाचा जुळवून.
बाकीच्या हसल्या.
मग पुसदची एक येऊन शेजारी झोपली,
मग भंडाऱ्याच्या दोघी,
मग सिरोंच्याची, जी दोन दिवस बसनं बसूनच आली होती.
पाच जणी, कडुलिंबाखाली, न बोलता,
कणा वाढवत.
गेटवरचा जवान लांबून बघत राहिला.
त्याला वाटलं असेल, कुणाला तरी चक्कर आली.

एकशे पंचावन्न पॉइंट दोन.

टायपिंगही निघाली. सात चुका, चालतात.
कागदांच्या टेबलाशी अडलं.
वर्दीतली बाई, केसांत एकच पिन,
दोन बोटांनी टाइप करत होती.
माझी सनद बघितली, माझा फॉर्म बघितला.
ये हिवराळे कौन है?
मी म्हटलं, मी.
और ये हिवराले?
मी परत म्हटलं, मी,
पण आवाज पहिल्यापेक्षा बारीक निघाला.

पंधरा दिवसांची मुदत. प्रतिज्ञापत्र.

तहसीलमध्ये बाबा पहिल्यांदाच लाइनीत उभे राहिले.
शिपाई म्हणाला, काऊन कोतवाल, डायरेक्ट या ना आत.
"आज माहं सोताचं काम हाय," बाबा म्हणाले,
आणि लाइनीतच थांबले, ऊन डोक्यावर येईस्तोवर.

स्टॅम्प पेपर हातात आला.
त्यांनी बोट ठेवून वाचला :
हिवराळे उर्फ हिवराले ही एकच व्यक्ती असून.
"असून," ते दुसऱ्यांदा म्हणाले.
मग चार घड्या न करता,
सरळ दप्तरात ठेवला,
दोन जाड फायलींच्या मधे.
"मी पोचवतो नागपूरले."
बाबा, हे अपलोड करायचं असतं.
"कर ना मंग. करजो.
मी बी जातो."